चिंचेनं घासलेले चार प्लग

निपाणी, १० जानेवारी १९३९, मंगळवार

आजपासून ही वही. हिशेबाची वही निराळी, ती ह्यांनी उघडली तरी हरकत नाही. ही कुणी उघडायची नाही. हिच्यात मन मोकळं करायचं आणि बाहेर कुणाला टाकून बोलायचं नाही, असा संकल्प सोडला आहे.

मोटार चढावर आचके देते. दमेकऱ्यासारखी खोकते आणि मागून फाट्कन आवाज काढते. भरमा म्हणतो, आक्का, प्लग गेल्यात, चारीबी नवं घाला. चाराच्या चार! मी विचारलं, गेले म्हणजे कुठे गेले? आहेत की जागेवर. त्यानं एक काढून दाखवला. ही टोकं बघा म्हणाला, झिजून गोल झाल्यात, मधली फट वाढलीया, ठिणगी पडंना नीट. मला टोकं दिसली नाहीत, काजळी दिसली. काजळी घासली की जाते. त्याला काय नवं घ्यायचं?

भरमा सहा वर्षं आमच्याकडे आहे. आधी तंबाखूच्या वखारीची बैलगाडी हाकायचा. ह्यांनी बेळगावच्या कॅम्पातल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली तेव्हा तीही शिकला. सकाळची न्याहारी माझ्या चुलीवरची. गडी सरळ आहे. पण मोटारीला हात लागला की माणूस खर्चिक होतो.

१६ जानेवारी, सोमवार

उपास. आमची विद्यु मार्चमध्ये मॅट्रिकला बसते आहे, तोवर सगळे सोमवार कडक. मामंजींनी स्वच्छ सांगितलंय : पोरीला एकदा बसू दे. झाली पास तर पुढे बोलू. नाही झाली तर मार्गशीर्षात लग्न, दुसऱ्यांदा फॉर्म भरायचा नाही. विद्यु त्या दिवसापासून मान वर करत नाही पुस्तकातून.

मी स्वतः लग्नाआधी मॅट्रिक झालेली. त्यामुळे मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक ह्या घरात मीच वाचू शकते. (हेही वाचतात, पण चित्रं.) प्लगचं प्रकरण काढलं. पहिलंच वाक्य : प्लग स्वच्छ आणि कोरडा असावा. झालं! मी तरी दुसरं काय म्हणत होते? पुढचं पान बारीक टाइपात होतं, उपासाच्या दिवशी डोळ्यांना ताण नको म्हणून मिटलं.

दुपारी भरमाकडून चारी प्लग काढून घेतले. चिंच, चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या. अर्ध्या तासात देवघरातल्या घंटेसारखे लखलखीत. भरमा बघतच राहिला. म्हणाला, आक्का, ही काय देवाची भांडी व्हय? मी म्हटलं, देव सगळ्यात असतो.

१७ जानेवारी

सकाळी मोटार सुरू झाली नाही. प्लग ओलसर राहिले असणार. पापडांशेजारी उन्हात वाळवले. तिसऱ्या प्रहरी सुरू झाली. पुस्तकाबरहुकूम केलं की होतं.

(आचके आहेत. पण कमी. हे म्हणतात तेवढेच आहेत. ह्यांना मोजायची सवय नाही.)

२९ जानेवारी, रविवार

संकेश्वरच्या अलीकडे मोटार बंद पडली. हे दोन मैल चालत गेले. घरी आल्यावर पायांतल्या वहाणा हातात धरून मला दाखवल्या. नंतर भरमाला म्हणाले, बुधवारी बेळगावास जाऊ आणि प्लग घेऊ. मला विचारलं नाही.

मी वाद घातला नाही. फक्त जेवताना ताक वाढलं नाही.

१ फेब्रुवारी, बुधवार

कॅम्पातून चार नवे प्लग आले. बसवण्याआधी मी मोटारीपुढे नारळ फोडला.

भरमानं माझ्याकडे पोस्टकार्ड मागितलं. मला वाटलं गावी आईला धाडायचं असेल, चांगलं कोरं दिलं. तर ह्या गृहस्थानं त्याची मधोमध घडी घातली आणि प्रत्येक प्लगच्या दोन टोकांत सरकवून बघू लागला. म्हणे, घडी अशी अंगाबरोबर बसली की फट बराब्बर. सैल पडली की प्लग बाद समजायचा. कार्ड तेलानं काळं! घडी घातलेलं पोस्टकार्ड आता टपालात कोण घेणार? एवढं मात्र बोलले. बोलायलाच हवं होतं.

मोटार लोण्यासारखी चालली. समोरच्या अंबुबाई विचारत्या झाल्या, नवी घेतलीत का हो? मी म्हटलं, नाही, नारळ फोडला.

जुने प्लग फेकले नाहीत. पुन्हा एकवार चिंचेनं घासून देवघराच्या फळीवर ठेवलेत. खंडेनवमीला पूजेत मांडायला होतील. रोज दिवा लावताना त्यांच्यावर उजेड पडतो, फार प्रसन्न वाटतं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस लिहवत नाही. तरी लिहिते.

भरमा आज गावी गेलेला. म्हटलं, प्लग ओळखायला आपणच शिकावं, किती दिवस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं? बॉनेट उघडलं, पाना लावला, एक फिरवून काढला. हातात आला तो तपकिरी. भाजलेल्या बिस्किटासारखा! दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच.

नवे येऊन चार आठवडेही झाले नाहीत. आणि हे तपकिरी. देवघरातले, ज्यांना हा बाद म्हणाला, ते चांदीसारखे.

मला सगळं एका क्षणात समजलं. नवे काढून कुठंतरी विकले, आणि कुठल्या तरी लॉरीचे जळके आणून आमच्या इंजिनात खुपसले. सहा वर्षं मी ज्याला गरम भाकरी वाढली त्यानं!

प्लग पुन्हा लावून ठेवले. त्याला संशय येऊ द्यायचा नाही. उद्या शांतपणे विचारणार. आवाज चढवायचा नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

आवाज चढला.

भरमा म्हणतो, आक्का, नवा प्लग पंधरा दिवस चालला की तपकिरीच हुतो. त्यो निरोगी प्लगाचा रंग हाय. काळा पडला तर वाईट, पांढरा पडला तर वाईट. तपकिरी म्हंजे बेस जळतंय. मी म्हटलं, वा! जळकं ते निरोगी, आणि लखलखीत ते आजारी! तो म्हणाला, लखलखीत तुमी केलंय, आक्का. टोकं न्हाय उगवत चिंचेनं.

असा उलट बोलला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तुळशीला हात लाव म्हटलं. लावला. जराही कापला नाही. इतका निर्ढावलेला.

हे मध्ये पडले. म्हणाले, अगं, त्याला मोटारीतलं कळतं. मी म्हटलं, इंग्रजी पुस्तक कुणी वाचलंय? भरमानं किल्ली उंबऱ्यावर ठेवली. म्हणाला, भाकरी खाल्ली तुमच्या हातची, तिला बट्टा न्हाय लावला. येतो. न्याहारी न घेताच गेला. मी काढलं नाही त्याला. तो आपण होऊन गेला, हे वहीत स्पष्ट असावं.

त्याच्या वाटची भाकरी गाईला घातली. डोळ्यांत पाणी आलं ते कांदा चिरत होते म्हणून.

२६ फेब्रुवारी, रविवार

स्वतः प्लग बदलले. निपाणीत असं केलेली बाई दुसरी नसेल.

देवघरातले चार लखलखीत इंजिनात. तारांची अदलाबदल होऊ नये म्हणून एकेकीला खूण केली : हळद, कुंकू, बुक्का, भस्म. विद्यु हसली. म्हणाली, आई, इंजिन सोवळ्यात बसवलंस. मग हळूच विचारलं, भरमाण्णांनी खरंच चोरी केली असेल? मी म्हटलं, तू भूमितीकडे लक्ष दे.

ते चार जळके प्लग पंच्यात बांधून ठेवलेत. हा पुरावा. माझे बंधू हरिभाऊ अनगोळला राहतात, बेळगावच्या कोर्टात वकिली करतात. विद्युच्या परीक्षेला जाऊ तेव्हा त्यांच्यापुढे गाठोडं सोडणार.

मोटार नवव्या हँडलला सुरू झाली. आता ड्रायव्हरही हेच आणि हँडल मारायलाही हेच. हँडल मारायची ह्यांची पद्धत चुकते.

५ मार्च, होळी

दरवर्षी भरमाच्या घरी पाच पोळ्या जातात. यंदा पुरण मुद्दाम कमी वाटलं. तरी पाच पोळ्या उरल्या. हे कसं, कळत नाही.

कळलं की तो उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर लागलाय, निपाणी ते बेळगाव. अंबुबाईंनी मुद्दाम येऊन सांगितलं. लई सफाईनं चालवतो म्हणं. चालवू दे. ज्यांचे प्लग जातील ते बघतील.

९ मार्च, गुरुवार

मोटारीचे आचके. कारणं : १) पेट्रोलात भेसळ असणार. २) थंडी गेली, ऊन आलं, यंत्राला बदल सोसत नाही. ३) हे क्लच जोरात सोडतात. प्लगची शंका नको, सकाळीच काढून पाहिले, आरशासारखे आहेत.

हे म्हणाले, मंगळवारी पहिला पेपर. विद्युला सोमवारीच सर्व्हिस मोटारीनं हरिभाऊंकडे पोचवू. अंबुबाईही तेच म्हणाल्या. ह्यांनी त्यांना शिकवलं की त्यांनी ह्यांना, देव जाणे. घरची मोटार दारात असताना माझी मुलगी त्या माणसाच्या गाडीत बसून परीक्षेला जाणार? अठ्ठेचाळीस मैल. साडेसहाला निघालं तर नऊला हॉलच्या दारात.

विद्युनं मोटारीकडे बघून मग माझ्याकडे बघितलं.

१३ मार्च, सोमवार

उपास. तयारी पूर्ण. दोन टाक, शाईची दौत, अंगारा, दहीसाखरेची वाटी, पुरावा. पुरावा माझ्या पिशवीत अगदी तळाशी.

मन शांत आहे. उद्या सकाळी साडेसहा, एक मिनिट इकडे तिकडे नाही.

१४ मार्च, मंगळवार. अनगोळ, हरिभाऊंचं घर. दुपारी तीन

क्रमानं लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

निघायला सव्वासात झाले. पूजा अर्धी टाकून उठता येत नाही.

संकेश्वरपर्यंत बरी. हत्तरगीला खोकली. यमकनमर्डीला तिघांना उतरून चालावं लागलं, म्हणजे मला आणि विद्युला. तिसरे हे, ते उतरले तर चालवणार कोण. सुतगट्टीच्या चढाला फट्, फट्, फाट्, आणि गप्प. पावणेनऊ. पेपर साडेदहाला.

ह्यांनी हँडल मारलं. तेवीस वेळा, विद्युनं मोजलं. मग हे दगडावर बसले. मी बॉनेटला अंगारा लावला. विद्यु रस्त्यावर उभी, पुस्तक छातीशी, रडत नव्हती. रडली असती तर बरं होतं. तिनं विचारलं, आई, दहा वाजले तर काय करायचं? मी म्हटलं, वाजणार नाहीत. बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं की मी काय बोलले.

त्या पाऊण तासात दोन बैलगाड्या गेल्या, बेळगावच्या उलट दिशेनं.

साडेनवाच्या सुमारास खालून सर्व्हिस मोटार चढत आली. आत वडगावची विणकर मंडळी, टपावर सुताची गाठोडी, माणसावर माणूस. हाकणारा कोण, ते मी लांबूनच ओळखलं आणि पदर पुढे ओढला.

तो थांबला. त्याला थांबायचं कारण नव्हतं, हेही वहीत असावं. उतरून आधी विद्युला म्हणाला, पोरी, पेपर कवा? मग बॉनेट उघडलं. तारांवरची हळदकुंकू बघून एकदा माझ्याकडे पाहिलं. डोईचं मुंडासं सोडलं, हाताला गुंडाळून तापलेला प्लग फिरवून काढला. लखलखीत. खिशातून एक चुरगळलेलं, काळं पोस्टकार्ड काढलं. माझंच ते, फेब्रुवारीतलं. घडी टोकांत घातली. कार्ड पलीकडे निघून खाली पडलं.

मग विचारलं, आक्का, माझं कुठं हायत?

माझं म्हणाला! त्याची गाडी भरलेली, मंडळी ओरडत होती, अगा भरम्या, आमचा बाजार बुडिवतोस काय? एक म्हातारा कन्नडमध्ये नडी, नडी, म्हणजे चल, चल, करत खिडकी बडवत होता. मी म्हटलं, ते मिळायचे नाहीत. तो पुरावा आहे, वकिलांना दाखवायचाय.

हे दगडावरून उठले. मला वाटलं माझ्या बाजूनं बोलणार. ते विद्युला म्हणाले, पिशवीत तळाशी आहे, पंच्यात.

ह्यांना ठाऊक होतं.

आणि विद्युनं, माझ्या विद्युनं, पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली. दहीसाखर सांडली. गाठोडं सोडून त्याच्या ओंजळीत ओतलं. त्यानं चारी तपकिरी प्लग धोतराला पुसले, बसवले, हळदीची तार, कुंकवाची, बुक्क्याची, भस्माची, जिथल्या तिथं. म्हणाला, खुणा चांगल्या हायत, आक्का. ते कौतुक होतं की टोमणा, मला ओळखता आलं नाही. हँडल मारलं. एकदाच.

मोटार लोण्यासारखी.

लखलखीत चार पंच्यात बांधून माझ्या हातात दिले आणि हात पुसत म्हणाला, न्हाय चालली आसती तर पोरीला माझ्या मांडीवर बसवून न्हेली आसती, पण पेपर चुकवू दिला नसता. आणि गेला. सर्व्हिस मोटारीतल्या बायका मागं वळून वळून माझ्याकडे बघत होत्या.

दहा सदतीसला हॉलवर पोचलो. सात मिनिटं उशीर. दारावरच्या मास्तरांनी घड्याळ बघितलं, विद्युचं तोंड बघितलं आणि आत सोडलं. मी अंगारा लावायला हात पुढं केला तोवर ती गेली होती.

१५ मार्च

हरिभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, पुरावा कुठे आहे? मी म्हटलं, इंजिनात. ते इतके हसले की वहिनी आतून बाहेर आल्या.

नवरा, मुलगी, भाऊ, सगळे एका माणसाला फितूर. विद्यु म्हणते, पेपर बरा गेला, पण पहिला प्रश्न दोनदा खोडून लिहावा लागला. मी विचारलं, कशानं? ती म्हणाली, आई, झोपते आता.

संकल्प : ह्या विषयावर यापुढे एक शब्द नाही.

३० मार्च

विद्यु परीक्षा संपवून घरी आली. सर्व्हिस मोटारीनं. पुढच्या सीटवर बसून, म्हणे.

८ जून, गुरुवार

निकाल लागला. विद्यु पास. मामंजींनी पागोटं नीट केलं आणि म्हणाले, मार्गशीर्षाचं राहू दे सध्या.

देवापुढे पेढे ठेवले. विद्युनं त्यातले निम्मे पुडीत बांधले. कुणाला, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दारात थांबून म्हणाली, तू चल ना. मी म्हटलं, मोटार स्टँडवर घरंदाज बायका जात नाहीत. ती एकटी गेली.

घरात कुणी नव्हतं. मोटारीचं इंग्रजी पुस्तक काढलं, सहजच. बारीक टाइपातलं ते पान. तपकिरी रंगाचा प्लग निरोगी समजावा, टोकं झिजून गोल झालेला प्लग कितीही साफ केला तरी बदलावा, असं छापलंय. सहाच ओळी आहेत. हे असं महत्त्वाचं बारीक टाइपात छापणाऱ्यांना काय म्हणावं?

मग बसून भरमाला पोस्टकार्ड लिहिलं. मायना दोनदा चुकला. मजकूर एवढाच : पोर पास झाली. तुझी न्याहारी ठेवत जाईन. बाकी काही लिहिलं नाही, जागा पुरली नाही. तशी अर्धी जागा उरली होती.

लिहून झाल्यावर काय मनात आलं, कार्डाची मधोमध घडी घातली. देवघराच्या फळीवर परत ठेवलेल्यांतला एक लखलखीत प्लग घेतला, टोकांत कार्ड सरकवलं. सैल. दुसरा घेतला. सैल. तिसरा, चौथा, तेच. चिंचेनं टोकं उगवत नाहीत.

आता घडी पडलेलं पोस्टकार्ड टपालात कसं टाकायचं? उद्या दुसरं आणावं लागेल. ते आणायला हे जातील तेव्हा. मग पुन्हा मायना.

विद्यु परत आली. कार्ड उलटंसुलटं करून वाचलं. म्हणाली, आई, स्टँड इथून दोनशे पावलांवर आहे.